पान आणि पाना

*ताई,*

*माझा मुलगा इंग्रजी माध्यमात तिसरीत आहे. जूनमध्ये आठ पूर्ण झाली. आम्ही कराडला राहतो, मिस्टरांचं टू-व्हीलरचं गॅरेज आहे. मी स्वतः मराठी माध्यमातून शिकले, बी.कॉम. झाले. मुलगा बोलायला चलाख आहे, पण वाचायला बसवला की पहिलं अक्षर बघतो आणि बाकीचं मनानं ठोकून देतो. इंग्रजीतही तेच, मराठीतही तेच. रोज सात ते साडेनऊ मी त्याचा अभ्यास घेते. शेवट रडारडीतच होतो. गेल्या आठवड्यात मी त्याला गालावर मारलं, बोटं उठली. सकाळी शाळेच्या वेळी पोट दुखतं म्हणतो. जाऊबाईंची मुलगी दुसरीत असून पेपर वाचते. सासूबाई म्हणतात, लाडावून ठेवलाय. मिस्टर म्हणतात, मी पण ढच होतो, माझं काय अडलं? परवा गादी उन्हात टाकायला काढली तर खाली वहीची सात पानं निघाली. फाडून, घडी घालून ठेवलेली. प्रत्येकावर बाईंचा लाल शेरा, 'इम्प्रूव्ह रीडिंग'. विचारलं तर म्हणाला, "मी ढ आहे ना, मग कशाला दाखवू?" ट्यूशन लावू का? मराठी शाळेत घालू का? हा डिस्लेक्सिया असेल का? आणि माझ्या मारण्यानं तो कायमचा बिघडला का?*

*— एक आई, कराड*

प्रिय ताई,

शेवटचा प्रश्न आधी घेते. पहिले तीन लिहिताना तुमचं अक्षर सरळ आहे, या ओळीला येऊन ते वाकडं झालंय.

नाही, एका थपडेनं मूल कायमचं बिघडत नाही. पण एवढ्यावर पत्र मिटून ठेवू नका. थप्पड एकदाच बसली, सात ते साडेनऊ मात्र रोज येतं. अडीच तास! दिवसभर शाळेत जे जमलं नाही तेच रात्री घरी, तेही आईच्या समोर. सातचे ठोके पडले की आई उठून जाते आणि तिच्या जागी दुसरी बाई येऊन बसते, असं त्याला वाटत असणार. बोलायला एवढा चलाख असूनही तो हे बोलून दाखवणार नाही.

मारल्याबद्दल त्याची माफी मागा. अभ्यासाला बसल्यावर नको. शाळेतून आल्यावर काही खात असेल तेव्हा शेजारी बसून सांगा: "त्या दिवशी मी तुला मारलं. चूक माझी होती. मला राग आवरला नाही." झालं. पुढे "पण तूही जरा लक्ष दिलं असतंस तर" हे शेपूट लावू नका, कारण मुलं 'पण'च्या पुढचंच ऐकतात. तो "बरं" म्हणून पळेल. पळू द्या. आणि पुन्हा हात शिवशिवला तर उठून स्वयंपाकघरात जा, पाणी प्या, "मला राग आलाय, पाच मिनिटांनी येते" असं त्याला सांगून जा. पाच मिनिटांत राग उतरला नाही तर त्या दिवशी पुस्तक बंद. बुडालेला दिवस भरून काढता येतो.

हे मी उंचावर बसून सांगत नाहीये. जिल्हा परिषदेच्या शाळेत चौतीस वर्षं मी पहिली-दुसरीचे वर्ग घेतले. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी एका मुलीला उभं करून धडा वाचायला लावला. सगळा वर्ग ऐकत होता. ती 'म'वर अडली. मी "हं, पुढे... हं, पुढे" करत राहिले. मला वाटत होतं, मी तिला धीर देतेय. थोड्या वेळानं तिच्या पायाशी शहाबादी फरशीवर ओल पसरली. मुलं हसली. पुढे आठ दिवस ती शाळेला आली नाही. मला कुणी काही बोललं नाही. त्या काळी टेबलावर छडी ठेवणं हा कामाचाच भाग होता. आता २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमानं शाळेत मारायलाही बंदी आहे आणि मानसिक छळ करायलाही. माझ्या "हं, पुढे"ला त्या कलमात काय म्हणतील याचा मी कधीकधी विचार करते. घराला ते कलम लागू नाही, तिथं आपणच आपल्यावर नजर ठेवायची.

आता त्या पानांबद्दल. सात पानं फाडली, पण टाकून दिली नाहीत. कराडात नदीला काय तोटा? कृष्णा-कोयनेच्या काठी राहणाऱ्या पोराला सात कागद नाहीसे करणं अवघड नव्हतं. त्यानं ते घरात ठेवले, घडी घालून, गादीखाली, जिथं आईचा हात आज ना उद्या पोचणारच. आठ वर्षांचं पोर योजना आखून असं करत नाही, त्यामुळे मी यातून फार अर्थ काढणार नाही. पण लपवणं आणि टाकून देणं यात फरक आहे आणि मला तो बरा वाटतो.

'ढ' हा शब्द मात्र घरातून बाहेर काढा. 'ढ'चीच निवड का झाली याची एक गोष्ट आमच्या डी.एड.च्या सरांनी सांगितली होती. ब्राह्मी लिपीपासून आजपर्यंत सगळी अक्षरं बदलत गेली, 'ढ' तेवढा होता तसाच राहिला, म्हणून ज्याच्यात काही फरकच पडत नाही तो ढ. खरोखर तिथूनच ही शिवी आली का, ते असो. ब्राह्मीतला 'ढ' पाहिलात तर लगेच ओळखू येतो एवढं खरं. हा शब्द तुमच्या मुलाला कुणी दिला? बाईंनी की वर्गातल्या पोरांनी, ते शोधायच्या आधी मिस्टरांचं वाक्य पुन्हा वाचा. "मी पण ढच होतो." ते हे कौतुकानं म्हणतात, मुलाची बाजू घ्यायला म्हणतात. ऐकणाऱ्याला वाटतं, हे आपल्या रक्तातच आहे.

त्या वाक्यात आणखीही एक गोष्ट दडलीय. तिच्याकडे नंतर येते.

आधी पोटदुखी. रविवारी दुखतं का? दिवाळीच्या सुट्टीत दुखलं होतं का? नसेल तर ते शाळेचं दुखणं आहे, पण म्हणून खोटं नाही. धास्तीनं पोटात खरोखर कळ येते. परीक्षेच्या सकाळी आपलंही पोट बिघडायचंच की. "नाटकं करू नकोस" म्हणू नका. "दुखतंय ना, ये, जरा बस" म्हणा, कोमट पाणी द्या आणि शाळेत पाठवा. घरी ठेवायची सवय लागली की पुढची सकाळ आणखी जड जाते. रात्री झोपेतून उठवणारी कळ असेल, वजन उतरत असेल, उलट्या होत असतील तर मात्र सरळ डॉक्टर गाठा.

आणि "कंटाळा आला" हे त्याचं पालुपद असेल तर त्याचा अर्थ शब्दशः घेऊ नका. मुलांच्या तोंडी हा शब्द भेळेसारखा असतो, त्यात सगळं येतं. भीती वाटली की कंटाळा, लाज वाटली की कंटाळा, बाई रागावल्या की कंटाळा. आपल्या भाषेत याला किती नेमके शब्द आहेत! हिरमुसणं, ओशाळणं, भेदरणं, खट्टू होणं, धसका घेणं. ते त्याच्यासमोर वापरा, तेही स्वतःबद्दल. "आज बँकेत साहेब सगळ्यांसमोर बोलले, मी ओशाळले बघ." दोन महिन्यांनी तो "आई, मी आज ओशाळलो" म्हणाला तर ते धडा वाचण्याइतकंच मोठं शिकणं आहे, आणि त्या दिवशी कदाचित पोटही दुखणार नाही.

आता वाचन. इथं मी जरा रेंगाळणार आहे, कारण आयुष्यभर हेच केलं.

आपल्याला वाचता येतं, त्यामुळे देवनागरी किती गुंतागुंतीची आहे हे आपण विसरून जातो. 'दिवस' घ्या. डोळ्यांना आधी वेलांटी दिसते आणि मग 'द'. तोंडानं मात्र आधी 'द्' म्हणायचा आणि मग 'इ'. 'सूर्य'मध्ये 'र' बोलताना 'य'च्या आधी येतो, कागदावर मात्र 'य'च्या डोक्यावर जाऊन बसतो, तेही 'य' लिहून झाल्यावर. मग पोरगं 'सूयर' वाचतं आणि आपण ओरडतो. त्यानं दिसलं त्या क्रमानंच वाचलेलं असतं! तुमचा मुलगा पहिलं अक्षर बघून बाकीचं ठोकतो म्हणजे अक्षरामागून अक्षर नेताना तो दमतो, मग चित्र आणि अंदाज यांच्या आधारानं उडी मारतो. हा आळस नाही. हुशार मुलंच अशी उडी मारतात. ज्याला गोष्टीचा अंदाज बांधता येत नाही तो ठोकणार तरी काय?

तुमच्या पत्रात गॅरेज एका शब्दात येऊन गेलं. मला तिथंच थांबावंसं वाटलं. गॅरेजवाल्याचा आठ वर्षांचा मुलगा बापानं "बारा-तेरा दे" म्हटल्यावर दहा-अकराचा पाना आणून देत नाही. माझी खात्री आहे, तुम्ही बघून घ्या. लांबून गाडी आली की एम.एच. पन्नास कराडची, अकरा साताऱ्याची, नऊ कोल्हापूरची, हे त्याला पाठ असेल. म्हणजे बारीक फरक टिपणं, खूण आणि तिचा अर्थ यांची सांगड घालणं, हे काम तो रोज करतोय. त्याला पाना कळतो, पान कळत नाही. शेवटचा काना काढून टाकला की झालं, असं मी म्हणणार नाही. तेवढं सोपं नसतं. पण सुरुवात तिथून करता येईल.

मिस्टरांना एक काम द्या. गॅरेजमधल्या डब्यांवर चिठ्ठ्या लावायच्या. ठळक मराठी अक्षर, जाड स्केचपेन. पहिल्या आठवड्यात फक्त जोडाक्षर नसलेले शब्द: नट, चेन, वायर, टायर, तेल, हवा, केबल. बाप म्हणणार, "केबलचा डबा आण." मुलगा डबे बघून आणणार. चुकला तर बाप "हा नव्हे, शेजारचा" एवढंच म्हणणार. पंधरा दिवसांनी प्लग, क्लच, स्टँड. आणि मग 'र'च्या तीन करामती, सगळ्या एकाच फळीवर: ब्रेक, ट्रक, हॉर्न. 'ब्रेक'मध्ये 'र' पोटाला तिरका चिकटतो, 'ट्रक'मध्ये खाली टोपी घालून बसतो, 'हॉर्न'मध्ये डोक्यावर चढतो. पुस्तकातला 'सूर्य' त्याला दर वेळी रडवतो, 'हॉर्न' रडवणार नाही, कारण हॉर्न त्यानं दाबून पाहिलाय.

हे काही माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर नेलं. तिथं गुरं राखणारी आदिवासी पोरं शाळेत येईनात, म्हणून शाळाच कुरणावर गेली. तिला कुरणशाळा म्हणत. गुरं चरताहेत, पोरं शेजारीच शिकताहेत, हातात पानं, बिया, खडे. तुमच्या घरचं कुरण गॅरेज आहे. ग्रीस लागतं, एवढाच फरक.

घरी काय करायचं? अडीच तास बंद. आजपासून वीस मिनिटं, आणि घड्याळ त्याच्या हातात. पहिली दहा मिनिटं तुम्ही वाचायचं, त्यानं नुसतं ऐकायचं, तुमच्या अंगाला टेकून. वाचता वाचता ओळीखालून बोट फिरवा. त्याला मध्येच काही विचारू नका, "सांग बरं, सशानं काय केलं?" मुळीच नाही. प्रश्न आला की गोष्ट मेली. बालभारतीचं 'किशोर' १९७१ पासून निघतंय, त्याचे जुने अंक इंटरनेटवर फुकट मिळतात. स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठीत पायऱ्यापायऱ्यांच्या छोट्या गोष्टी आहेत, त्यातल्या पहिल्या पायरीपासून घ्या. "बाळाचं आहे हे" म्हणून तो नाक मुरडेल, तर "धाकट्या कुणाला तरी वाचून दाखवायचंय, मला मदत कर" म्हणा.

पुढची दहा मिनिटं जोडीनं. तुम्ही दोघं एकदम, मोठ्यानं, त्याच्या वेगानं. तो थांबला की मनात पाच आकडे मोजा आणि शब्द सांगून टाका. फोड करून दाखवायची नाही, "हे कालच झालं होतं ना" तर अजिबात नाही. जुन्या लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याला एका शब्दाएवढी खिडकी पाडा आणि ती ओळीवरून सरकवत न्या. पुढचं झाकलेलं असलं की उडी मारायचा मोह कमी होतो. वीस मिनिटं झाली की थांबा, रंगात आला असला तरी. रंगात आला असला तर जरूरच. उद्या तोच म्हणेल, कालचं राहिलं होतं.

शाळेचा गृहपाठ या वीस मिनिटांच्या बाहेर ठेवा. जेवढा होईल तेवढा, नाही झाला तर वहीत तुम्ही सही करून लिहा, "एवढाच झाला." जग बुडत नाही.

आता डिस्लेक्सिया. पत्र वाचून मला किंवा कुणालाही ते सांगता येणार नाही, आणि जो फोनवर सांगेल त्याला पैसे देऊ नका. पण तपासून घ्यावं असं मला वाटतं, आणि त्याला कारण मिस्टरांचं ते वाक्य. वाचनाची ही अडचण घराण्यात चालत येते. एके संध्याकाळी मुलगा झोपल्यावर त्यांना चहा देऊन विचारा, शाळेत नेमकं काय व्हायचं? अक्षरं उलटसुलट व्हायची का? फळ्यावरून उतरवून घेताना ओळ सुटायची का? अजूनही लांबलचक कागद आला की तुमच्याकडे सरकवतात का? तिशी-पस्तिशीतल्या माणसाला हे पहिल्यांदाच कुणी विचारत असेल. टिंगल नको. ज्याला ते इतकी वर्षं 'ढ' म्हणत आले त्याला दुसरं नाव असू शकतं, हे त्यांनाही कळायला हवं.

तपासणीचा क्रम: आधी डोळे, मग कान, मग बाकीचं. वर्षभर 'लक्ष नसतं' म्हणून मार खाल्लेली आणि शेवटी चष्मा लागलेली मुलं मी मोजलेली नाहीत, पण बरीच आहेत. दोन्ही ठीक असेल तर साताऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात चौकशी करा, किंवा बालविकास तज्ज्ञ अथवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट गाठा. मुंबईत शीवच्या रुग्णालयात यासाठी जुना विभाग आहे, पण त्याच्यासाठी लगेच एस.टी.त बसायची गरज नाही. डिस्लेक्सियासारख्या अध्ययन अक्षमतेचा सरकारी दाखला आठ वर्षं पूर्ण झाल्यावर मिळतो, म्हणजे तुमची वेळ आता आलीय. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातल्या एकवीस प्रकारांत ती धरलेली आहे, आणि त्या दाखल्यावर पुढे दहावीला वाढीव वेळ, गरज पडली तर लेखनिक, अशा सवलती मिळतात. याला औषधाची गोळी नसते. शिकवण्याची पद्धत बदलावी लागते, बराच काळ आणि सबुरीनं. डोळ्यांवर पट्टी बांधून पुस्तक वाचायला शिकवतो, मेंदूचा मधला भाग जागा करतो, असं सांगणारे वर्ग गावोगाव निघालेत. त्यांच्या दारात उभ्याही राहू नका.

आणि तो डिस्लेक्सिया नसेलही. मुलांना वाचता-मोजता किती येतं हे बघणाऱ्या २०२४ च्या 'असर' पाहणीत देशातल्या ग्रामीण भागातल्या तिसरीच्या दर चार मुलांमधल्या साधारण एकालाच दुसरीचा उतारा वाचता आला. मागे पडलेली मुलं कमी नाहीत, आणि ती सगळी काही अक्षम नाहीत. बऱ्याच जणांना कुणी सावकाश शिकवलेलंच नसतं.

मराठी शाळेत घालावं का? मी मराठी शाळेची बाई, माझं पारडं कुठं झुकणार ते उघड आहे. २०२० चं शैक्षणिक धोरणही म्हणतं की जमेल तिथं किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेत शिकवावं. तरीही वर्षाच्या मध्ये हलवू नका. आत्ता शाळा बदलली की त्याला वाटेल, आपल्याला तिथून काढलं. एप्रिलमध्ये बघा. तोवर घरी मराठीच वाचा. इंग्रजी माध्यमातही मराठी आता सक्तीचं आहे, त्यामुळे पुस्तक घरात असेलच. मराठीत 'क' दिसला की तो 'क'च असतो. इंग्रजीतला 'सी' कधी 'क' होतो, कधी 'स'. सरळ रस्त्यावर सायकल आली की खड्ड्यांच्या रस्त्यावरही येते. एका लिपीत अक्षरांना आवाजाशी जोडायचं कसब बसलं की दुसरीत ते पुन्हा शून्यापासून शिकावं लागत नाही.

ट्यूशन नको. पंधरा पोरं सतरंजीवर बसून गृहपाठ उरकतात, तिथं तर नकोच.

जाऊबाईंच्या मुलीचा पेपर त्याच्यासमोर वाचून घेणं थांबवा. ती हुशार आहे, तिचं कौतुक तिच्या घरी होऊ द्या. सासूबाईंशी 'लाडावलाय'वर वाद घालू नका, हरलात तरी हराल आणि जिंकलात तरी हराल. त्यांना कामाला लावा. "आई, तुम्हाला श्रावणातल्या कहाण्या येतात, याला झोपताना एक सांगत जा." आटपाट नगर होतं, तिथं एक राजा होता... त्या कहाण्यांची वाक्यं पुन्हापुन्हा येतात, ठेक्यात येतात, मूल चौथ्या रात्री ती आधीच म्हणून टाकतं. वाचनाआधी भाषा कानात साठावी लागते, आणि ते काम तुमच्या घरात त्यांच्याइतकं चांगलं कुणी करू शकणार नाही. सोमवारची कहाणी मंगळवारी सांगितली तरी चालेल.

मोबाईलबद्दल तुम्ही काही विचारलं नाही, म्हणून मीही गप्प बसते.

राहिल्या शाळेतल्या बाई. 'इम्प्रूव्ह रीडिंग' असा शेरा म्हणजे तापानं फणफणलेल्याला 'ताप कमी करा' लिहून देणं. पण भांडायला जाऊ नका. एका वर्गात पंचेचाळीस-पन्नास डोकी असली की त्यांचाही जीव मेटाकुटीला येतो. शाळा सुटल्यावर, इतर पालक नसताना भेटा. दोनच गोष्टी मागा. एक, त्याला एकट्याला उभं करून मोठ्यानं वाचायला लावू नका. लावायचंच असेल तर आदल्या दिवशी उतारा सांगा, म्हणजे तो घरी वाचून येईल. दोन, शेरा वहीत न लिहिता मला फोनवर सांगा. "आम्ही डोळे-कान तपासून घेतोय, घरी रोज वाचतोय, एप्रिलमध्ये पुन्हा बोलू" हेही सांगा. काहीतरी करणारे पालक दिसले की बाईही सैल होतात. मी व्हायची.

तुमची,
ताई

ता.क. ती सात पानं. परत वहीत चिकटवू नका, सासूबाईंना दाखवू नका, जाळूही नका. एका पाकिटात घालून ठेवा आणि तपासणीला जाल तेव्हा बरोबर न्या. वेलांटी कुठं उलटी झाली, कुठलं अक्षर गळालं, कुठं ओळ सुटली, हे तज्ज्ञांना प्रगतिपुस्तकात दिसत नाही, या पानांत दिसेल. फक्त नेण्याआधी त्याला विचारा. पानं त्याची आहेत.